गावची प्राथमिक शाळा मागे पडली असेल तर: समितीवर नव्याने आलेल्या पालकांसाठी

पालकांची सभा भरते, कोणीतरी तुमचं नाव सुचवतं, दुसरा अनुमोदन देतो आणि चहा येईपर्यंत तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य झालेले असता. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. मग बहुतेक समित्या ध्वजवंदन, स्नेहसंमेलन आणि गळणारं छप्पर एवढ्यावर वर्ष काढतात. छप्पर गळू नये हे खरंच, पण तिसरीतल्या मुलाला दोन ओळी धड वाचता येत नसतील तर कोरड्या वर्गात बसून तो काय करणार?

माझी नोकरी गोव्यात, डिचोली आणि सत्तरीतल्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली. त्यामुळे डोळ्यांसमोर आहे ती पहिली ते चौथीची, दोन शिक्षकांची, वीस-पंचवीस पटाची शाळा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत अशा शाळा सगळीकडे आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. रंगरंगोटी, मोठा टीव्ही, नवी बाकं यांनी शाळा सुधारत नाही. आपल्या मुलाला आज नेमकं काय वाचता येतं हे घरच्यांना ठाऊक असलं आणि त्यावर घरी रोज थोडं काही होत राहिलं, की शाळा हलते. खालची कामं त्याच क्रमाने करा.

पहिलं काम: आपल्याला काय करता येतं ते समजून घ्या

बालकांच्या शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या २१व्या कलमात ही समिती आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कामं तीन: शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणं. शिक्षकाची बदली करणं किंवा त्याला दम भरणं यात बसत नाही.

तुमची शाळा एखाद्या संस्थेची अनुदानित शाळा असेल तर समितीची भूमिका फक्त सल्ल्याची असते. २०१२ च्या दुरुस्तीने तसं स्पष्ट केलं आहे. तरीही खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना कुठल्या अधिकाराची गरज पडत नाही.

आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक हवेत. तुमच्या शाळेत एकच शिक्षक चारही वर्ग सांभाळत असेल, तर तुमचं पहिलं पत्र त्याच विषयावर जायला हवं.

दुसरं काम: प्रत्येक मुलाचं वाचन ऐका

इथे घाई करू नका. सगळं यावर उभं राहायचं आहे.

मुख्याध्यापिकेला विश्वासात घ्या आणि एका आठवड्यात शाळेतल्या प्रत्येक मुलाचं वाचन एकेकट्याने ऐका. ऐकणारे शिक्षकच असावेत, बरोबर समितीतला एखादा पालक नोंद करायला बसला तर चालतो. साधन म्हणून एक कागद पुरतो. ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित बघणाऱ्या पाहणीत २००५ पासून देशभर वापरतात तीच पद्धत: एका कोपऱ्यात दहा अक्षरं, दुसऱ्यात दहा सोपे शब्द, मग पहिलीच्या पुस्तकाच्या तोडीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि खाली दुसरीच्या तोडीची आठ-दहा वाक्यांची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो सहज वाचला तर गोष्टीकडे जायचं, अडखळला तर मागे शब्दांकडे. पाचातले चार शब्द आले तर मूल शब्दांच्या पातळीवर. तेही जमले नाहीत तर अक्षरांवर.

मजकूर पाठ्यपुस्तकातला घेऊ नका. आपली मुलं पाठ करण्यात पटाईत. तिसरीतला मुलगा धडा घडाघडा म्हणतो आणि आई कौतुकाने बघते, पण त्याचं बोट बघा: बोट तिसऱ्या ओळीवर असतं आणि तोंडात पाचवी ओळ. चित्रावर हात ठेवून तेच शब्द दुसऱ्या कागदावर दाखवले की ‘पाणी’ येतं, ‘माणूस’ येतं, ‘पुस्तक’पाशी गाडी थांबते, कारण जोडाक्षर कधी बसलेलंच नसतं. मग तो शब्दाऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतो. अशा मुलाला वर्षानुवर्षं ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही’ असा शेरा मिळत राहतो.

गोष्ट वाचून झाली की दोन प्रश्न विचारा. उत्तर कोकणीतून आलं तरी बरोबर धरा. शहरालगतच्या आणि औद्योगिक वसाहतींजवळच्या शाळांत घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलंही खूप असतात, त्यांनी मोडकंतोडकं सांगितलं तरी चालेल. गोष्ट कळली का, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

गणितासाठी तिसरी-चौथीच्या मुलाला ४३ वजा १७ एवढं एकच उदाहरण लिहून द्या. उत्तर ३४ आलं तर त्याने ७ मधून ३ काढले, ४ मधून १ काढला. म्हणजे हातच्याची कल्पनाच नाही. असं उत्तर देणारी मुलं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त निघतील.

तुलना कशाशी करायची? केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ योजनेत, जी ५ जुलै २०२१ ला सुरू झाली, तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात अशी अपेक्षा आहे. दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द. घड्याळ लावून मुलांना घाबरवू नका, पण आपण कुठे आहोत ते मोठ्यांना कळायला हवं.

निकाल भिंतीवर लावायचा तर फक्त आकडे लावा: अक्षर ६, शब्द ७, परिच्छेद ५, गोष्ट ४, असे. नावं नकोत. छोट्या गावात नाव लागलं की संध्याकाळपर्यंत ते चहाच्या गाड्यावर पोचतं, आणि मुलाला ते वर्षभर ऐकावं लागतं.

तिसरं काम: घरच्यांना सांगा, पण सभेत नाही

सभेत सगळ्यांसमोर कुठल्याही आईला ‘तुमच्या मुलाला वाचता येत नाही’ असं सांगितलं तर ती पुढच्या सभेला येणार नाही. प्रत्येक कुटुंबाला दहा मिनिटं वेगळी द्या. वेळ त्यांच्या सोयीची धरा. कारखान्यात पाळी करणारी आई सकाळी अकराला येऊ शकत नाही. काजूच्या हंगामात डोंगरावर असलेला बाप तर दिवसभर सापडत नाही. संध्याकाळी देवळाच्या मंडपात किंवा त्यांच्याच अंगणात बसून बोललं तर माणसं मोकळी होतात. आजी घरी असेल तर तिला बोलवाच. गोव्यातल्या निम्म्या मुलांचा अभ्यास आजीच्याच पुढ्यात होतो, मग आजीला अक्षरओळख असो वा नसो.

बोलताना तोच कागद पुढे ठेवा आणि मुलाला आईसमोर वाचू द्या. ‘म्हजें भुरगें हुशार, पूण बसना’ म्हणणारी आई पहिल्यांदा बघते की न बसण्याचं कारण वेगळंच आहे. मग तिला एकच काम सांगा. पाच सांगितली तर एकही होत नाही.

या टप्प्यावर भांडणं लागतात. शिक्षक म्हणतात घरी लक्ष नाही, पालक म्हणतात शाळेत शिकवत नाहीत. दोघंही थोडे बरोबर असतात, म्हणूनच ते थांबत नाहीत. अमेरिकेत न्यू हेवन शहरात १९६८ साली येल विद्यापीठातले बालमानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी दोन प्राथमिक शाळा हाती घेतल्या. गरीब वस्तीतल्या आणि निकालात शहराच्या तळाला असलेल्या. त्यांनी मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांचं एक मंडळ केलं आणि तीन नियम घातले: कोणावर खापर फोडायचं नाही, निर्णय मतदानाने नव्हे तर सहमतीने घ्यायचे, आणि मंडळाने मुख्याध्यापकाचे हात बांधायचे नाहीत. शाळा वर यायला वर्षं लागली, पण आल्या. न्यू हेवनचं सगळं आपल्याकडे लागू होत नाही. तेवढा पहिला नियम मात्र समितीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

आणि माध्यमाचा वाद बैठकीत आणू नका. १९९० मध्ये अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांपुरतं ठेवलं, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुलं झालं, मराठी की कोकणी हा वाद त्याहून जुना. हे सगळं आपल्या प्रत्येकाच्या घरात एकदा भांडून झालेलं आहे. तुमच्यासमोरचं मूल आज तुमच्या शाळेत आहे, त्याला वाचायला शिकवा.

चौथं काम: घरातली पंधरा मिनिटं

‘घरी अभ्यास घ्या’ हे वाक्य काही कामाचं नाही. ज्या आईला मराठी वाचता येत नाही तिला ते टोमण्यासारखं लागतं. तिला सांगायचं ते असं: मुलाने रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायचं, तुम्ही भाजी चिरताना ऐकायचं, थांबला की ‘मगे कितें जालें?’ एवढंच विचारायचं. चूक दुरुस्त करायचं काम शाळेचं. ऐकायला कोणीतरी आहे एवढ्यावर मूल वाचत राहतं.

वाचायला काय द्यायचं हा खरा प्रश्न, कारण पाठ्यपुस्तकाशिवाय घरात छापील कागद म्हणजे कालनिर्णय आणि विजेचं बिल. त्यावर मला सगळ्यात उपयोगी वाटलेला उपाय गावातच आहे. आजीला, आईला फुगडीची, धालोची गाणी येतात. एका दुपारी दोन-तीन बायकांना शाळेत बोलवा, त्यांना म्हणू द्या, शिक्षिकेने ती मोठ्या अक्षरांत तक्त्यावर उतरवून घ्यावीत. शब्द कोकणी असोत की मराठी, लिपी एकच. मुलींना, आणि आजकाल मुलांनाही, गाणं तोंडपाठ असतं. मग तक्त्यासमोर उभं करून एकेका शब्दाखाली बोट ठेवत म्हणायला लावायचं. मघाशी पाठांतराला नावं ठेवली, इथे तेच कामाला येतं. तोंडातला शब्द आणि बोटाखालचा शब्द जुळला नाही की चूक मुलालाच कळते, कारण गाण्याची ओळ संपते आणि तक्त्यावर दोन शब्द उरतात. परत पहिल्यापासून. तीन-चार दिवसांत जुळतं. त्यानंतर तेच शब्द कापून, मिसळून, पुन्हा ओळ लावायला द्यायची.

चतुर्थी याच कामाची. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वरच्या चौकटीला, बांधायच्या फळा-फुलांची यादी मुलाने करायची: नारळ, सुपारीचं शिपटं, तवशें, चिबूड, आंबाडे, कांगल्या. बाबा किंवा काका सांगणार, मूल लिहिणार, आणि रानातून वस्तू आली की खूण करणार. सुट्टीनंतर प्रत्येकाने आपली यादी आणली की वर्गात दोन-तीन दिवस पुरेल एवढं वाचन जमतं. कोणाच्या यादीत काय जास्त, किती कमी, यावर बेरीज-वजाबाकीही होते. असा गृहपाठ कोणी टाळत नाही.

गणितासाठी सकाळी पोदेर हॉर्न वाजवत आला की पाव मुलाने मोजून घ्यावेत आणि सुटे पैसे त्यानेच परत घ्यावेत. हातच्याची वजाबाकी कुठल्याही स्वाध्यायवहीपेक्षा तिथे लवकर बसते.

गोष्टींच्या पुस्तकांसाठी तालुक्याचं सरकारी ग्रंथालय आहे, आणि पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मोबाईल असेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात. त्यातल्या छापून, दोऱ्याने शिवून घरोघर फिरवा. पुस्तक फाटलं तर दंड लावू नका. कपाटात कुलूपबंद राहिलेल्या पुस्तकाचा शाळेला काडीचा उपयोग नाही.

पाचवं काम: शाळेतला एक तास

हे शिक्षकांचं क्षेत्र आहे, म्हणून विनंतीच्या सुरात बोला. लहान शाळेचा एक मोठा फायदा असतो जो आपण वापरत नाही: चारही वर्ग एकत्र करून पातळीनुसार गट पाडता येतात. रोज एक तास, अक्षरावरची सगळी मुलं एकीकडे, मग ती दुसरीतली असोत वा चौथीतली, आणि वाचू लागलेली दुसरीकडे. दोन शिक्षक दोन गट घेतात. दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा वाचन ऐकून मुलं पुढच्या गटात सरकवायची. चौथीतल्या मुलाला लहानांबरोबर बसायची लाज वाटू नये म्हणून गटांना फुलांची वगैरे नावं द्या, ‘कच्चा गट’ हा शब्द तोंडातूनही काढू नका.

पालकांनी मदतीला यावं, पण वर्गाची तपासणी करायला नव्हे. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी दोन पालक येऊन व्हरांड्यात मुलांचं वाचन ऐकतात, एवढं पुरे. उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाला एकट्याने बंद खोलीत घेऊन बसायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखा, सरपंचांनाही.

सहावं काम: हजेरी

महिन्याला तीन दिवस दांडी म्हणजे कोणाला फार वाटत नाही. दहा महिन्यांत ते ३० दिवस होतात, आणि शाळा भरते जेमतेम २०० दिवस. हजेरीपटावरून हे प्रत्येक पालकाला त्याच्या मुलापुरतं काढून दाखवा. कारणं शोधा, ती बहुधा साधी असतात: पावसात ओढा भरतो, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, गणवेश वाळलेला नाही. शेजारच्या दोन घरांनी मुलं आळीपाळीने आणायची ठरवलं की बरंच सुटतं. परराज्यातून कामाला आलेली कुटुंबं गावी जातात ती महिनाभर परतत नाहीत. त्यांना जाण्याआधी तारीख विचारा आणि मुलाबरोबर चार पुस्तकं द्या.

माध्यान्ह आहार देणारा महिला गट आपल्याच गावचा किंवा शेजारचा असतो. पाव-भाजी वेळेवर आणि पुरेशी येते का, मुलं खातात का टाकतात, हे समितीतल्या एकीने आठवड्यातून एकदा चाखून बघावं. बोलायचं ते तिथल्या तिथे त्या बायकांशी. तक्रारअर्ज त्यानंतर.

सातवं काम: कागद आणि पैसे

आता छपराकडे या. शाळा विकास आराखडा कायद्याच्या २२व्या कलमाप्रमाणे समितीनेच करायचा असतो. तो तीन पानांपेक्षा मोठा करू नका. पहिल्या पानावर वाचनाचे आकडे आणि वर्षअखेर ते कुठे न्यायचे आहेत, दुसऱ्यावर शिक्षक, खोल्या, शौचालय, पाणी यांतल्या उणिवा, तिसऱ्यावर कोणाकडून काय हवं. मुख्याध्यापिकेमार्फत तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं.

केंद्र सरकारच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजारांपर्यंत आणि १०० पर्यंत पटाच्या शाळेला २५ हजारांपर्यंत अनुदान मिळू शकतं, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. किती आलं, कशावर गेलं ते बैठकीत वाचून दाखवायला सांगा. संशय म्हणून नाही, ते समितीचं कामच आहे. तुमच्या शाळेची सरकारदरबारी काय माहिती आहे तीही बघा: ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा ११ आकडी क्रमांक टाकला की शाळेचं पत्रक उघडतं. पट, शिक्षक, शौचालय, वीज, सगळं त्यात असतं. तिथे ‘चालू’ लिहिलेलं शौचालय प्रत्यक्षात कुलूपबंद असेल तर आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या, कारण पुढची मंजुरी त्या कागदावरून ठरते.

पंचायतीकडे काम असेल तर पंचमेंबरला रस्त्यात गाठण्यापेक्षा ग्रामसभेत मांडा. सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी होतात. दहा आया एकत्र जाऊन बसल्या की विषय इतिवृत्तात येतोच. देवस्थानच्या महाजनांकडे पैसे मागण्याआधी जागा मागा: पावसात वाचनाचे तास घ्यायला मंडप, चतुर्थीनंतर पुस्तकांचं प्रदर्शन मांडायला सभागृह. जागा पटकन मिळते, आणि आलेला माणूस शाळेची चौकशी करून जातो.

पटाबद्दल

पट घसरला की समिती घाबरते आणि घरोघर ‘आमच्या शाळेत पाठवा’ म्हणत फिरते. उपयोग थोडा. मुलाचं इंग्रजी मागे पडेल अशी पालकाला भीती असते, तिच्यावर बोला. सरकारी प्राथमिक शाळेत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे, तो नीट शिकवला जातो का ते बघा आणि चौथीतल्या मुलांना इंग्रजीचं छोटं पुस्तक पालकांसमोर वाचू द्या. पत्रकं वाटण्यापेक्षा ते जास्त बोलतं.

मे महिन्यात अंगणवाडीतून पहिलीत येणाऱ्या मुलांची यादी घ्या आणि त्या घरांत एकदा जाऊन या. तोपर्यंत वर्षअखेरचं वाचन ऐकून झालेलं असेल. जूनचा कागद आणि एप्रिलचा कागद दोन्ही बरोबर न्या, आकडे वाढलेले असोत वा नसोत, आहेत तसे दाखवा. आणि समिती बदलण्याआधी एका वहीत पुढच्या लोकांसाठी लिहून ठेवा: कुठला अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, फुगडीचे तक्ते कुठल्या कपाटात, कुठल्या घरी सहानंतरच गेलेलं बरं.